द्रवपृष्ठाची अणुरचना आणि आयन-प्रकीर्णन

प्रस्तावना :
पृष्ठताण शिकविताना द्रवाच्या पृष्ठभागाची घडण आतील द्रवासारखीच असते, असे बहुधा गृहीत धरले जाते. मिश्रणांच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. ज्या घटकामुळे पृष्ठताण कमी होतो तो पृष्ठभागी अधिक प्रमाणात जमतो, हे गिब्ज यांनी १८७० च्या दशकात ऊष्मागतिकीच्या आधारे दाखविले. परंतु हा थर एका अणूच्या जाडीचा की अनेक, याचे उत्तर ऊष्मागतिकी देत नाही. ते आयन-प्रकीर्णनातून मिळू शकते.

पद्धतीचे तत्त्व :
सुमारे १००० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे हीलियम आयन निर्वातात पृष्ठभागावर सोडले जातात. अणूवर आदळून परतणाऱ्या आयनाची उरलेली ऊर्जा त्या अणूच्या वस्तुमानावर अवलंबून असते. ९० अंशांतून वळलेल्या आयनाजवळ ऑक्सिजनवरील आघातानंतर सुमारे ६००, गॅलियमनंतर ८९१ आणि इंडियमनंतर ९३३ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा उरते. आत शिरलेले बहुतेक आयन इलेक्ट्रॉन मिळवून उदासीन होतात. म्हणून केवळ आयनच मोजल्यास जवळजवळ फक्त सर्वांत वरच्या थराचीच माहिती हाती येते.

द्रवांची अडचण :
०° से. तापमानालाही पाण्याचा बाष्पदाब सुमारे ६११ पास्कल असतो. एवढ्या बाष्पात आयन पृष्ठभागापर्यंत पोहोचण्यापूर्वीच विखुरतात. गॅलियमचे तसे नाही. ते २९.८° से. ला वितळते, म्हणजे मंचरच्या उन्हाळ्यात बाटलीतच द्रवरूप होईल. तरीही त्याचा बाष्पदाब नगण्य असतो.

एक उदाहरण :
गॅलियम-इंडियम या द्रव मिश्रधातूत दर १०० अणूंमागे सुमारे १६.५ अणू इंडियमचे असतात. अमेरिकेतील संशोधकांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र सर्वांत वरच्या थरात इंडियमचे प्रमाण ९४ टक्क्यांहून अधिक आढळले. १९९७ मधील क्ष-किरण परावर्तनाच्या अभ्यासानेही इंडियमच्या एका अणुथराला दुजोरा दिला.

मर्यादा व समारोप :
आयनांच्या माऱ्याने पृष्ठभागावरील अणू उडतात. परंतु द्रवात आतील अणू वर येऊन ही हानी भरून काढतात. हे निष्कर्ष निर्वातातील स्वच्छ पृष्ठभागाचे आहेत. हवेत याच मिश्रधातूवर गॅलियम ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो. म्हणून ‘पृष्ठभागावर काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर केवळ मिश्रणाच्या प्रमाणावरून देता येत नाही; पृष्ठभाग कोणत्या परिस्थितीत आहे, हेही सांगावे लागते. पृष्ठताणाचा पाठ शिकविताना एवढी भर अवश्य घालावी.