पूर आला तर आधी आईचे ताट वाढा

ऑगस्ट 2018मध्ये रंगावली नदीने पात्र सोडले आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात घराघरांत पाणी शिरले. माणसे दगावली, कित्येकांचे संसार वाहून गेले. सातपुड्यातल्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत तर ओढे-नाले भरले की पाडेच्या पाडे तुटतात. आजाऱ्याला बांबूच्या झोळीतून उतरवावे लागते, नर्मदाकाठच्या कित्येक गावांना बोटीशिवाय वाट नसते.

अशा आपत्तीत मदतीला धावणारे कमी नसतात. तांदूळ येतो, चादरी येतात. त्यांच्यासोबत दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्याही येतात. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी हीच मदत जिवावर बेतू शकते.

पावडर निर्जंतुक नसते. ती किमान 70 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पूरग्रस्तांना ठेवलेल्या शाळेत विहीर गढूळ आणि सरपण ओले असताना हे कसे साधणार? बाटली नुसती विसळली तरी बुचाच्या भोकात आणि झाकणाच्या आट्यांत दूध चिकटून राहते. तिथेच जंतू वाढतात आणि जुलाब सुरू होतात. इंडोनेशियातील योग्यकार्ता येथे 2006च्या भूकंपानंतर दोन वर्षांखालच्या मुलांची पाहणी झाली. फुकट वाटलेली पावडर मिळालेल्यांपैकी सुमारे 25 टक्के मुलांना जुलाब झाले होते. न मिळालेल्यांत हे प्रमाण 12 टक्क्यांच्या आसपास होते. कुपोषणाशी आधीच झुंजणाऱ्या नंदुरबारमध्ये तर जुलाबाचा एक आठवडाही मुलाला तीव्र कुपोषणात ढकलू शकतो.

‘भीतीने दूध आटले’ असे छावणीत हमखास ऐकू येते. धास्तीने पान्हा फुटायला वेळ लागतो, पण दूध तयार होणे थांबत नाही. साडीचा आडोसा करून आईला निवांत कोपरा द्यावा, प्यायला स्वच्छ पाणी आणि पोटभर जेवण द्यावे, बाळाला पुन्हा पुन्हा अंगावर घ्यायला सांगावे, पान्हा परततो. सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. त्यानंतर अंगावरच्या दुधाच्या जोडीला मऊ खिचडी, वरण-भात, केळे, अंडे. जुलाब झाले तरी स्तनपान थांबवू नये. ओआरएस द्यावे आणि आरोग्य सेविकेच्या सल्ल्याने 14 दिवस झिंक.

ज्या बाळाची आईच जवळ नाही, त्याला वरचे दूध लागणारच. ते आरोग्य कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली, उकळून स्वच्छ केलेल्या वाटी-चमच्याने पाजावे. बाटली नकोच. 1992च्या कायद्यानेही अनाथालये वगळता शिशुदुधाचे डबे आणि बाटल्या दान करायला मनाई केली आहे.

अमृत आहार योजनेत 2015पासून आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळते. पूर आला की हीच चूल निवारा केंद्रात पेटली पाहिजे. तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात स्तनदा मातांची यादी, त्यांच्यासाठी वेगळी खोली आणि शिध्याची सोय पावसाळ्याआधीच लिहिलेली हवी.

मंडळांना आणि संस्थांना एकच विनंती: मदतीच्या यादीतून पावडर आणि बाटली खोडा. त्याऐवजी डाळ, तेल, गूळ, शेंगदाणे आणि पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीन लिहा. आईचे पोट भरले, तरच बाळाचे भरेल.