आवाज जातो-येतो, पण स्पीकर शाबूत असतो

जुन्या लॅपटॉपचा आवाज मध्येच जाऊन आपोआप परत येऊ लागला, की बहुतेक जण ‘स्पीकर गेला’ म्हणतात. फाटलेला स्पीकर सहसा खरखरतो, विशेषतः आवाज वाढवल्यावर. दोन्ही स्पीकर एकदम गप्प होऊन पुन्हा सुरू झाले, तर संशय दुसरीकडे घ्यावा.

अनेकदा दोष निघतो तो हेडफोनच्या ३.५ मिमी जॅकमध्ये (पिन घालायच्या भोकात). त्याच्या आत एक बारीक धातूची पट्टी असते. पिन आत गेली की ती सरकते आणि लॅपटॉप स्पीकर बंद करून आवाज हेडफोनकडे वळवतो. फ्रिजचं दार लागताना बटण दाबलं जाऊन दिवा विझतो, तसंच हे. पट्टी वाकली किंवा तिच्यावर धूळ बसली, तर पिन नसतानाही ती आहे असं लॅपटॉपला वाटतं.

आवाज गेला त्याच क्षणी साउंड सेटिंग उघडा. काही जोडलेलं नसताना तिथे ‘हेडफोन’ दिसला, तर जॅकच संशयित. लॅपटॉप बंद करून पिन काही वेळा आत-बाहेर करावी; टाचणी मात्र घालू नये. यूएसबी हेडफोनवरही आवाज तुटत असेल, तर ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) आणि इतर सॉफ्टवेअर तपासावं. नवे स्पीकर बसवायला सांगण्याआधी एवढं जरूर करून पाहा.