टीईटी : ऐकीव आणि लेखी

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने सेवेतील शिक्षकांच्या पात्रता परीक्षेबाबत, म्हणजे टीईटीबाबत, निकाल दिला. प्रकरण महाराष्ट्र आणि तमिळनाडूतून गेलेले होते. निकाल पुष्कळ पानांचा, आणि त्यावरून फिरणारे फॉरवर्ड तीन-तीन ओळींचे. मधल्या सुट्टीत चहाचा कप खाली ठेवायच्या आत एकाने ‘आपल्याला लागू नाही’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘आता घरीच बसायचे’ म्हणावे, असे चालले आहे. दोघांच्याही मोबाइलमध्ये पुरावा असतो. तो तपासून पाहिलेला बरा.

“नेमणूक २०१० च्या आधीची आहे. टीईटी लागूच नाही.”

हा समज हवेतून आलेला नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने टीईटी आणली. त्याच अधिसूचनेत, आधी नियमानुसार नेमलेल्या शिक्षकांना नवी किमान अर्हता मिळवण्याची गरज नाही, असेही म्हटले होते. अनेकांनी त्या पानाची झेरॉक्स सेवापुस्तकाच्या प्रतीसोबत जपून ठेवली आहे. तेव्हा या शिक्षकांनी सोयीचा अर्थ काढला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अडचण एवढीच की अधिसूचना कायद्याच्या पोटात असते, कायद्याच्या वर नसते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २३ ने किमान अर्हता नसलेल्या शिक्षकांना ती मिळवण्यासाठी आधी पाच वर्षे दिली होती. २०१७ च्या दुरुस्तीने ३१ मार्च २०१५ रोजी सेवेत असलेल्यांना पुन्हा मुदत दिली, तीही मार्च २०१९ मध्ये संपली. टीईटी हा किमान अर्हतेचाच भाग आहे आणि म्हणून सेवेतल्या शिक्षकालाही ती लागते, असा अर्थ न्यायालयाने लावला आणि उत्तीर्ण होण्यासाठी दोन वर्षे दिली. या काळात जुन्या शिक्षकांची पगारबिले दर महिन्याला बिनतक्रार मंजूर होत राहिली. निवडणूक, जनगणना, पोषण आहाराच्या नोंदी यांसाठी हेच शिक्षक पात्र ठरत होते. एवढी वर्षे थांबून आता दोन वर्षांची घाई कशाला, ही तक्रार रास्तच आहे. पण तक्रार रास्त असली म्हणून सूट मिळाली असे होत नाही. तक्रारीचा पत्ता शासन आहे, आणि परीक्षेचा अर्ज तरीही भरावाच लागतो.

“पन्नाशी ओलांडली की सूट.”

एमएससीआयटी आणि हिंदी-मराठी भाषा परीक्षांच्या बाबतीत वयानुसार सूट मिळते, हे प्रत्येक कर्मचाऱ्याला पाठ असते. तोच नियम इथे चिकटवला गेला. न्यायालयाने मात्र वय पाहिलेले नाही. निकालाच्या दिवशी निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे का, एवढेच पाहिले. जिल्हा परिषदेचा शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. त्या दिवशी जो ५१ वर्षांचा होता त्याची सात वर्षे बाकी होती, म्हणून त्याला परीक्षा आहे. ५४ वर्षांचा होता त्याला नाही. तीही पूर्ण सूट नव्हे. पदोन्नती हवी असेल तर टीईटी लागेलच. ही सवलत न्यायालयाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालील विशेष अधिकारातून दिली आहे. ती शिक्षकाचा हक्क म्हणून मिळालेली नाही, त्यामुळे ‘मग आणखी दोन वर्षे वाढवा’ हा युक्तिवाद कार्यालयात चालणार नाही.

“नापास झाले की नोकरी गेली आणि पेन्शनही बुडाली.”

यातला पहिला भाग अर्धा खरा आहे, म्हणून दुसराही खरा वाटतो. पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्यांना निकालापासून दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचे आहे. मुदतीपर्यंत परीक्षेला कितीही वेळा बसता येते, आणि एका निकालपत्रावर ‘अपात्र’ दिसले म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी वर्गातून उठवत नाही. मुदत उलटूनही परीक्षा पास न झाल्यास मात्र सेवा सोडावी लागेल किंवा सक्तीची निवृत्ती येईल. हे कठोर आहे आणि ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण निवृत्तीचे लाभ द्यायचे आहेत, असे निकालात स्पष्ट म्हटले आहे. अट नियमाप्रमाणे आवश्यक सेवा झाल्याची. त्यात थोडी तूट असेल तर शिक्षकाने निवेदन द्यावे आणि विभागाने त्याचा विचार करावा, असेही म्हटले आहे.

“ही परीक्षा स्पर्धा परीक्षेसारखी आहे. वीस वर्षे शिकवलेल्या माणसाला जमायची नाही.”

भीतीला आकड्यांचा आधार आहे. राज्याच्या टीईटीचा निकाल अनेकदा एक आकडी टक्क्यांतच राहिला आहे. मात्र त्या परीक्षांना बसणारे बहुतेक उमेदवार पदविका किंवा बी.एड. करून नोकरीच्या शोधात असलेले होते. त्यांच्या टक्केवारीवरून वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाचे भविष्य सांगणे घाईचे आहे. शिवाय ही पात्रता परीक्षा आहे, तिच्यात गुणवत्ता यादी नाही. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण, आणि राखीव प्रवर्गांना राज्यात ५५ टक्के पुरतात.

प्रश्न कसे असतात? बालमानसशास्त्राचा एक नेहमीचा नमुना असा : पसरट ग्लासातले पाणी मुलासमोर उंच, अरुंद ग्लासात ओतले आणि मूल म्हणाले, ‘आता जास्त झाले.’ त्याच्या विचारात कशाची कमतरता आहे? पहिलीच्या वर्गावर असलेल्या बाईंनी हे दर जूनमध्ये पाहिलेले असते. त्याला पियाजेने दिलेले नाव तेवढे पुन्हा आठवावे लागते. खरी दमछाक दुसरीकडे होते. पेपर दोनमध्ये ६० गुण गणित-विज्ञानाचे किंवा सामाजिक शास्त्राचे असतात, आणि आयुष्यभर मराठी शिकवणाऱ्याला या दोहोंतून एक घ्यावेच लागते. दुसरी भाषा म्हणून इंग्रजीचे ३० गुणही अनेकांना जड जातात. अभ्यासाचा वेळ तिथे घालवावा. ही परीक्षा चांगला शिक्षक ओळखू शकत नाही, हा आक्षेप मात्र मान्य करायला हरकत नाही. चाळीस मुलांना एका नजरेने गप्प करण्याला चार पर्याय नसतात. परीक्षा फक्त खालची रेघ आखते.

“टेट दिली आहे, तीच टीईटी.”

उच्चार जवळचे, परीक्षा वेगळ्या. टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची असते आणि पवित्र पोर्टलवरच्या भरतीसाठी क्रम लावते. तिच्यात पास-नापास नसते. कलम २३ ची अट तिने भागत नाही.

“अल्पसंख्याक शाळा सुटल्या, म्हणजे सगळ्याच खासगी शाळा सुटल्या.”

शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू नाही, असे घटनापीठाने २०१४ मध्ये प्रमती प्रकरणात म्हटले होते. खंडपीठाला ते पटले नाही, म्हणून प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. तो सुटेपर्यंत तेवढ्याच शाळा बाहेर आहेत. बिगर-अल्पसंख्याक खासगी शाळा, मग ती विनाअनुदानित का असेना, आतच आहे. नववी-दहावीला ही अट नाही. पण हायस्कूलमध्ये पाचवी ते आठवीवर नेमणूक असलेल्या शिक्षकाने पाटीवरचे ‘माध्यमिक विद्यालय’ वाचून निश्चिंत होऊ नये.

“पुनर्विचार याचिका गेली आहे, आता थांबायला हरकत नाही.”

याचिका दाखल होणे वेगळे आणि स्थगिती मिळणे वेगळे. स्थगितीचा किंवा बदलाचा लेखी आदेश हातात पडेपर्यंत दोन वर्षांचे घड्याळ चालूच राहते.

“जुन्या प्रमाणपत्राची सात वर्षे संपली, पुन्हा परीक्षा द्यावी लागेल.”

सुरुवातीला मुदत खरोखरच सात वर्षांची होती, आणि २०१३ च्या राज्यातल्या पहिल्या टीईटीच्या प्रमाणपत्रधारकांना ती आजही छळते. २०२१ मध्ये प्रमाणपत्र तहहयात वैध ठरले, तेही २०११ पासूनच्या सगळ्यांना. अपवाद गैरप्रकारांचा आहे. २०१९-२० च्या परीक्षेत गुण वाढवून घेतल्याप्रकरणी ७,८०० हून अधिक उमेदवारांवर २०२२ मध्ये कारवाई झाली, त्यांना या नियमाचा आधार नाही. बाकीच्यांनी कपाटातला तो कागद काढावा, साक्षांकित प्रत गटशिक्षणाधिकारी कार्यालयात द्यावी, सेवापुस्तकात नोंद झाल्याची खात्री करावी आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये.