व्हेपचं नवं मॉडेल : नेमकं काय ‘अपग्रेड’ झालं?

‘अजून ते जुनं पेनच ओढतोस? सोड ना, हे बघ नवं!’

हॉस्टेलच्या गच्चीवर, कॉलेजच्या पार्किंगमध्ये किंवा ट्रेकच्या मुक्कामी हे वाक्य तुमच्या कानावर पडलं असेल. हे पेन लिहायचं नाही, ते आहे व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. नव्या मॉडेलला छोटी स्क्रीन असते, बॅटरी किती टक्के उरली ते दिसतं, आंबा-लिचीचा फ्लेवर असतो. ना राख, ना कपड्यांना वास. जुनं पेन कसं, मध्येच गळायचं, खिसा चिकट व्हायचा, कधी जळका कश यायचा. नवं म्हणजे एकदम स्मूद!

फोन बदलतो, इयरफोन बदलतो, तसं हेही बदललं, त्यात काय एवढं? असं वाटणं साहजिक आहे. पण फोन बदलताना आपण कॅमेरा किती, रॅम किती ते विचारतो. इथे ‘स्मूद’ हा एकच शब्द ऐकून मंडळी खूश होतात. हे स्मूद झालं कसं, ते जरा बघू या.

मशीन तेच, मग बदललं काय?

ई-सिगारेट हे यंत्र तसं साधं. एक बॅटरी, एक तारेची गुंडाळी म्हणजे कॉइल, तिच्यात कापसाची वात आणि वातीला भिजवणारं द्रव. बॅटरी कॉइल तापवते, द्रवाची वाफ होते, ती आपण ओढतो. द्रवात मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. सोबत फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटिन.

आजच्या ई-सिगारेटचं मूळ चीनमध्ये आहे. शेनयांगचे फार्मासिस्ट होन लिक यांनी २००३ मध्ये ती तयार केली. ते स्वतः भरपूर सिगारेट ओढायचे आणि त्यांच्या वडिलांचा मृत्यू फुप्फुसाच्या कॅन्सरने झाला होता. तंबाखू न जाळता निकोटिन मिळालं तर सिगारेट सुटेल, हा त्यामागचा विचार. पुढच्या काही वर्षांत हे यंत्र युरोप-अमेरिकेत पोहोचलं.

पहिली पिढी हुबेहूब सिगारेटसारखी दिसायची. टोकाला छोटा दिवा, कश ओढला की पेटायचा. बॅटरी इवलीशी, वाफ बेताची. सिगारेट ओढणाऱ्यांना त्यात मजाच येत नसे, कारण निकोटिन फार कमी आणि फार हळू मिळायचं. मग आली पेनं. बॅटरी मोठी, वर पारदर्शक टाकी, द्रव आपणच भरायचं. त्यानंतर हातात मावेल न मावेल असे ठोकळे आले, बॉक्स मॉड. त्यात वॅट कमी-जास्त करता यायचे, कॉइल बदलता यायची आणि एका कशात खोलीभर ढग. यूट्यूबवर ढगांच्या युक्त्या दाखवणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, ते बहुतेक याच काळातले.

या ठोकळ्यांची एक गंमत होती. वाफ प्रचंड, म्हणून द्रवातलं निकोटिन कमी ठेवावं लागायचं. पेनच्या काळात एका मिलिलिटरला १८ मिलिग्रॅमचं द्रव सर्रास वापरलं जाई, ठोकळ्यांच्या काळात लोक ६ आणि ३ वर आले. जास्त निकोटिन घातलं की घसा जळायचा, ठसका लागायचा. म्हणजे ‘बास कर’ हे शरीरच सांगत होतं.

घशाचा ब्रेक निघाला

मग २०१५ मध्ये अमेरिकेत ‘जूल’ आली. दिसायला पेन ड्राइव्हसारखी. ना टाकी भरायची भानगड, ना कॉइल बदलायची. भरलेलं पॉड खटकन बसवायचं, ओढायचं, संपलं की फेकायचं. जेम्स मॉन्सीज आणि अॅडम बोवेन या स्टॅनफर्डमध्ये डिझाइन शिकलेल्या दोघांनी ती बनवली होती. पण खरी कमाल डिझाइनची नव्हती, रसायनाची होती.

बारावीच्या केमिस्ट्रीतलं आठवा. निकोटिन हा अल्कधर्मी पदार्थ. तो तसाच जास्त प्रमाणात वाफेत आला की घशाला झोंबतो. जूलने त्यात बेन्झोइक आम्ल मिसळलं. आम्ल आणि अल्क मिळून क्षार तयार झाला, त्यालाच ‘निकोटिन सॉल्ट’ म्हणतात. आम्लता वाढली आणि झोंबणं गेलं. आता एका मिलिलिटरमध्ये ५९ मिलिग्रॅम निकोटिन घातलं तरी घसा तक्रार करत नव्हता. पॉड होतं जेमतेम ०.७ मिलिलिटरचं. गुणाकार करा, सुमारे ४१ मिलिग्रॅम निकोटिन. एक पॉड म्हणजे साधारण एक पाकीट सिगारेट, असं कंपनीच सांगत होती.

युरोपीय देशांमध्ये आणि ब्रिटनमध्ये मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही. त्यामुळे तेच जूल २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये आलं, ते निकोटिन कमी करूनच. यंत्र तेच, कायद्याप्रमाणे आतला माल वेगळा.

तर ‘स्मूद’ या शब्दाचा अर्थ हा असा. निकोटिन वाढलं आणि ते वाढल्याचं कळवणारा ठसका गेला. पूर्वी सिगारेट संपायची, टाकी भरायला लागायची, कॉइल जळायची. निदान तेवढ्यापुरता हात थांबायचा. आता थांबायला काही कारणच उरलं नाही. लेक्चर सुरू असताना बाकाखाली, बाथरूममध्ये, पांघरुणात, कुठेही एक कश.

मग हे चांगलं की वाईट?

इथे तुमचा मित्र म्हणेल, ‘अरे, ब्रिटनमध्ये सरकारच सांगतं की हे सेफ आहे!’ त्याचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, अर्धं आहे. तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये खरंच म्हटलं होतं की, व्हेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असावं. २०२३ मध्ये तर दहा लाख सिगारेट ओढणाऱ्यांना व्हेपचं किट देण्याची योजना तिथे जाहीर झाली.

पण वाक्य नीट वाचा, ‘सिगारेटपेक्षा’. तीस वर्षं रोज पाकीटभर सिगारेट ओढणारा पन्नाशीचा माणूस डोळ्यांसमोर आणा. जुन्या, दिवा लागणाऱ्या खोट्या सिगारेटने त्याचं भागत नव्हतं. तो ती चार दिवस ओढायचा आणि परत खऱ्या सिगारेटकडे वळायचा, नाहीतर दोन्ही ओढायचा. चांगलं यंत्र आल्यावर त्याला पूर्ण बदल करणं सोपं गेलं. त्याच्यासाठी हे अपग्रेड खरं आहे, कारण तो धुराकडून वाफेकडे आला. धुरातला टार आणि कार्बन मोनॉक्साइड त्याचा सुटला.

आता स्वतःकडे बघा. तुम्ही सिगारेट ओढतच नसाल, तर कशाकडून कशाकडे चाललात? काहीच नाही, तिथून थेट निकोटिनकडे. ज्या गुणामुळे त्या माणसाची सिगारेट सुटते, त्याच गुणामुळे एकोणीस वर्षांच्या मुलाला सवय लागते. म्हणूनच ब्रिटनची तीच आरोग्य सेवा सांगते की, सिगारेट न ओढणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी व्हेपला हातही लावू नये. मित्र ही दुसरी ओळ सांगत नाही.

अमेरिकेत ही दुसरी ओळ कळायला उशीर झाला. तिथे ई-सिगारेट ओढणारे हायस्कूलचे विद्यार्थी २०१७ मध्ये ११.७ टक्के होते, २०१८ मध्ये ते २०.८ टक्के झाले आणि २०१९ मध्ये २७.५ टक्के. दर चार मुलांमागे एकापेक्षा जास्त! पुढे नियम कडक झाले, खटले झाले. २०२२ आणि २०२३ मध्ये जूलने अनेक राज्यांशी कोट्यवधी डॉलरच्या तडजोडी केल्या. २०२४ मध्ये हायस्कूलमधलं प्रमाण ७.८ टक्क्यांवर आलं. पण मधल्या काळात सवय लागलेली मुलं आज तुमच्याच वयाची आहेत.

मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते आणि लक्ष देणं, मोह आवरणं ही कामं करणारा भाग सगळ्यात शेवटी तयार होतो. या वयात निकोटिनची सवय लवकर लागते आणि घट्ट बसते. ‘व्हेप घेतलं की अभ्यासात लक्ष लागतं’ असं म्हणणारे भेटतात. सवय लागल्यावर निकोटिन उतरलं की चिडचिड होते, लक्ष उडतं. कश घेतला की ते थांबतं. म्हणजे जे लक्ष व्हेपने घालवलं, तेच थोडा वेळ परत मिळतं. त्याला आपण फायदा म्हणतो!

आपल्याकडची गोष्ट वेगळी

आपल्याकडे यात आणखी एक मोठा मुद्दा आहे. भारतात ई-सिगारेटवर बंदी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा, जाहिरात, सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा पकडलं गेलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

याचा ‘अपग्रेड’शी काय संबंध? आहे ना! नवं घेतलं की जुन्याचं काय करायचं? ‘ज्युनिअरला देऊन टाकू, पाचशे-हजार सुटतील.’ ही विक्री झाली. ग्रुपसाठी एकाने चार मागवले आणि वाटले, ही विक्री आणि वाटप झालं. मावशीकडे दुबईला गेलात आणि येताना बॅगेत नवं मॉडेल टाकलंत, ही आयात झाली. ‘आम्ही काय धंदा करतोय का?’ हा युक्तिवाद चौकीत किती चालेल, याचा विचार करा. नोकरी, व्हिसा, पासपोर्ट, सगळीकडे ‘गुन्हा दाखल आहे का’ हा रकाना असतो.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांनी तर नीट पाहावं. सिंगापूरमध्ये व्हेप जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. थायलंडमध्येही बंदी आहे. ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून ते फक्त औषधांच्या दुकानात मिळतं. ब्रिटनने १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद केली. तिथे २०२३ मधल्या एका पाहणीत आठवड्याला सुमारे ५० लाख असे व्हेप फेकले जात असल्याचं दिसलं होतं, प्रत्येकात लिथियमची बॅटरी.

बंदीमुळे आणखी एक होतं. जे मिळतं ते लपूनछपून, आणि आत काय आहे ते तपासणारं कुणी नसतं. पाकिटावर ‘५ टक्के’ लिहिलंय, पण ते खरं कशावरून? समजा ते खरं आहे आणि आत १० मिलिलिटर द्रव आहे, तर एका यंत्रात सुमारे ५०० मिलिग्रॅम निकोटिन झालं. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते २ मिलिग्रॅम जातं. वाफेतलं सगळं अंगात जात नाही हे मान्य, तरी आकडा डोळ्यांसमोर असू द्या. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथच आली होती. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली, त्यातले ६८ दगावले. बहुतेकांनी गांजातला टीएचसी असलेला, बाहेरून मिळवलेला माल ओढला होता आणि त्यात दाटपणासाठी व्हिटॅमिन ई अॅसिटेट मिसळलेलं सापडलं. यंत्र नवंकोरं होतं की जुनं, याने फरक पडला नाही. आत काय होतं, त्याने पडला.

तुमच्या हातात असेल तर...

आधीच ओढत असाल, तर ‘छे, मला कुठे सवय आहे’ म्हणण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारा. उठल्यावर अर्ध्या तासात कश लागतो का? दोन तासांच्या पेपरला बसल्यावर अस्वस्थ होतं का? यंत्र घरी राहिलं, तर परत जाता का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर विषय नव्या मॉडेलचा राहिलेला नाही.

सोडताना पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात. झोप बिघडते, चिडचिड होते. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. म्हणून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सुरुवात करू नका, सुट्टी निवडा. एखाद्या मित्राला सांगून ठेवा. सिगारेटकडे मात्र वळू नका, ते आगीतून फुफाट्यात होईल. निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंगम घ्यायचं असेल, तर डॉक्टरांना विचारून घ्या. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. मुंबईच्या टाटा मेमोरिअल हॉस्पिटलमध्येही तिचं केंद्र आहे. नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेवा. तुम्हाला नको असेल, तर रूममेटच्या कामी येईल.

आणि जुनी यंत्रं ओल्या कचऱ्यात फेकू नका, सुट्ट्या बॅटऱ्या किल्ल्यांसोबत खिशात ठेवू नका. शॉर्ट होऊन पेट घेतात. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर नेऊन द्या.

उरला तो गच्चीवरचा मित्र. तो नवं मॉडेल पुढे करेल तेव्हा त्याला भाषण देऊ नका, फक्त विचारा, ‘यात मिलिलिटरला निकोटिन किती?’ बहुतेक वेळा त्याला ते माहीत नसतं.