यंत्रखरेदी : हातातून पडद्यावर

सुश्रुताचार्यांनी एकशे एक यंत्रे सांगितली आणि त्यांत हात हेच प्रधान यंत्र मानले. त्याच ठिकाणी यंत्रांचे बारा दोषही दिले आहेत. असार, वक्र, शिथिल, अतिदीर्घ, अतिह्रस्व इत्यादी. यांपैकी बहुतेक दोष यंत्र हाती घेतल्यावाचून कळत नाहीत. आपली खरेदीही कालपर्यंत अशीच होत असे. मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर जावे, उपकरण उघडून पाहावे, घासाघीस करावी. द्रोणी हवी असल्यास सुतारासमोर बसून लाकूड निवडावे.

आता रुग्णालयांची खरेदी संगणकाच्या पडद्यावर होऊ लागली आहे. केंद्र शासनाने ऑगस्ट २०१६ मध्ये ‘गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस’ अर्थात ‘जेम’ सुरू केले. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनी केंद्रीय खात्यांना तेथे मिळणारी वस्तू तेथूनच घेणे बंधनकारक केले आणि त्याच वर्षी शासकीय खरेदीचे जुने डीजीएस अँड डी हे कार्यालय बंद झाले. या पद्धतीचे लाभ नाकारण्यात अर्थ नाही. दर सर्वांसमोर येतात, लहान गावचा उत्पादकही बोली लावू शकतो आणि उलट लिलावात किंमत उतरत जाते.

अडचण वेगळीच आहे. संगणक तुलना करतो ती लिहिलेल्या गोष्टींची. जे लिहिले नाही ते त्याच्या लेखी नसतेच, आणि लिहिलेल्या अटी पुऱ्या करणारा सर्वांत स्वस्त पुरवठादार ठरतो. मी एका रुग्णालयाच्या खरेदी समितीवर असताना अभ्यंगासाठी फायबरची द्रोणी मागविली होती. लांबी, रुंदी, जाडी सारे मोजमापात बरोबर होते. ‘तैलनिर्गमनासाठी छिद्र असावे’ असेही आम्ही लिहिले होते. छिद्र होते, परंतु ते उताराच्या वरच्या टोकास! पुरवठादाराने विनयाने विचारले, ‘डॉक्टरसाहेब, कोणती अट मोडली?’ उत्तर नव्हते. शेवटी परिचारकांनी पायांकडे लाकडी ठोकळे ठेवून काम भागविले. तपशील लिपिकाने जुन्या कागदावरून उतरविला होता आणि आम्ही वैद्यांनी न वाचता सही केली होती.

म्हणून तपशील लिहिणे हे काम वैद्यानेच करावयास हवे. उतार कोणत्या दिशेस व किती, छिद्र कोठे, तेलाने पृष्ठभाग निसरडा होतो काय, रुग्णास चढ-उतार करता यावी इतकी उंची. स्वेदनपेटीच्या बाबतीत तापमान नियंत्रण, वाफ बंद करण्याची सोय आणि मान बाहेर राहते त्या जागेची रचना. सुश्रुतोक्त दोषांची यादी समोर ठेवून एकेका दोषाचे अटीत रूपांतर केल्यास उत्तम मसुदा तयार होतो. ‘शिथिल नसावे’ हे पडद्यास समजत नाही. सांधा किती भार सहन करील, हे समजते.

माल आल्यानंतरची तपासणीही तितकीच महत्त्वाची. ‘जेम’मध्ये माल तपासून स्वीकृतीचे प्रमाणपत्र देण्यास साधारण दहा दिवसांची मुदत असते. खोके भांडारात पडून राहिले आणि मुदत टळली, तर पुढे भांडणे कठीण. येथे पुन्हा हातच लागतो.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंसाठी एक वेगळी बाब. आयुर्वेदीय औषधे विकण्यास विक्रीपरवाना लागत नाही, या सवयीने अनेक जण रक्तदाबमापक, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर हेही तसेच ठेवतात. परंतु १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याने ‘औषध’ या व्याख्येत आली, आणि २०२२ च्या दुरुस्तीने ती विकणाऱ्यास एमडी-४२ या नमुन्यातील नोंदणी प्रमाणपत्राची तरतूद झाली. ज्यांच्याजवळ ॲलोपॅथिक औषधांचा विक्रीपरवाना नाही, त्यांनी रुग्णालयांस पुरवठा करण्यापूर्वी या नोंदणीची चौकशी अन्न व औषध प्रशासनाकडे अवश्य करावी.