राष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि वाशीम जिल्ह्यातील आमदारांचे मतमूल्य

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५४ अन्वये राष्ट्रपतीची निवड संसदेच्या व विधानसभांच्या निर्वाचित सदस्यांकडून होते. वाशीम, रिसोड व कारंजा या मतदारसंघांचे तीन आमदार या निर्वाचकगणात असतात. २०२२ च्या निवडणुकीत महाराष्ट्रातील प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ होते. म्हणजे या तिघांचे मिळून ५२५.

आयर्लंडसारख्या छोट्या देशात मतमूल्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तेथे राष्ट्राध्यक्षाची निवड मतदार थेट करतात. पसंतीक्रमावर आधारलेली एकल संक्रमणीय मतपद्धती मात्र दोन्ही देशांत आहे. १९९० मध्ये मेरी रॉबिन्सन पहिल्या पसंतीच्या मतांत मागे असूनही अशा संक्रमित मतांमुळे विजयी झाल्या. भारतात १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी यांचा विजय दुसऱ्या पसंतीच्या मतमोजणीनंतर निश्चित झाला.

भारतात राज्याच्या लोकसंख्येस निर्वाचित आमदारांच्या संख्येने व नंतर १००० ने भागून मतमूल्य काढतात. महाराष्ट्राची लोकसंख्या त्यासाठी ५,०४,१२,२३५ धरली जाते आणि आमदार २८८. हा लोकसंख्येचा आकडा १९७१ चा आहे. वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याच्या आमदारांचे मत मात्र त्यापूर्वी २७ वर्षे झालेल्या जनगणनेवर तोलले जाते. २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती, म्हणजे एका आमदारामागे सुमारे चार लाख.

ही गोठवणूक अनवधानाने झालेली नाही. कुटुंबनियोजनात यश मिळविणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये, या हेतूने ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) १९७१ चे आकडे कायम केले आणि ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत वाढविली. हेतू रास्त असला तरी त्याची किंमत कोणी मोजली, हे आकड्यांवरून दिसते. १९७१ च्या आधारे तामिळनाडूच्या आमदाराचे मतमूल्य १७६, महाराष्ट्रापेक्षा एकाने अधिक. २०११ ची लोकसंख्या धरल्यास तामिळनाडूचे ३०८ आणि महाराष्ट्राचे ३९० होईल. केरळचे मूल्य १५२ वरून २३९ वर जाईल. उत्तर प्रदेशाचे २०८ वरून ४९६ होईल. त्या राज्याच्या तुलनेत महाराष्ट्र किंचित मागेच पडेल. (महाराष्ट्राचा लाभ दक्षिणेच्या तुलनेत आहे, ही बाब चर्चेत बहुधा सुटते.)

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी पदग्रहण केले. त्यांचा पाच वर्षांचा कार्यकाळ जुलै २०२७ पर्यंतचा असून त्यापूर्वी पुढील निवडणूक अपेक्षित आहे. अनुच्छेद ५५ नुसार २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे संबंधित आकडे प्रसिद्ध होईपर्यंत १९७१ चाच आधार राहतो. त्या जनगणनेसाठी देशाच्या बहुतांश भागात १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी ठरविण्यात आली आहे. जनगणना होणे पुरेसे नाही. आकडे प्रसिद्ध व्हावे लागतात. निवडणुकीपूर्वी ते प्रसिद्ध न झाल्यास वाशीमच्या तीन आमदारांची मते पुन्हा ५२५ एवढीच मोजली जातील.