गाठ धरणारी दोरी

सिंगापूर बेटाच्या ईशान्येस पासिर रिस नावाची वस्ती आहे. मलय भाषेत ‘पासिर’ म्हणजे वाळू किंवा वाळूचा किनारा. ‘रिस’ या शब्दाविषयी जाणकारांत एकमत नाही. परंतु शिडाच्या कडेला शिवलेली दोरी असा त्याचा एक अर्थ सांगतात, आणि त्या लांबट, अरुंद किनाऱ्यास तो शोभतोही. दोरीविषयी चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात बरेच दिवस होते. त्यासाठी याहून समर्पक गाव आम्हांस मिळाले नसते.

येथे समुद्रालगत मोठे उद्यान आहे, त्यात खारफुटीचे रान राखलेले आहे, आणि समोर पुलाऊ उबिन हे बेट दिसते. उबिनवर १९६७ पासून आउटवर्ड बाउंड ही संस्था होड्या, दोर आणि तंबू यांच्या संगतीत तरुणांना शिक्षण देत आली आहे. पासिर रिसच्या उद्यानातही ठराविक भागात परवाना काढून तंबू ठोकता येतो, व सुट्टीच्या दिवसांत कितीतरी कुटुंबे रात्रीच्या मुक्कामास येतात. आम्ही आप्तांकडे राहावयास गेलो असता, तेथील लोक ज्यास नुसते ‘सुमात्रा’ म्हणतात त्या वादळाचा अनुभव आला. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात मलाक्काच्या सामुद्रधुनीकडून ढगांची ही रांग बहुधा पहाटेच्या सुमारास बेटावर येते, व तिच्यातील वाऱ्याचे झोत ताशी ४० ते ८० किलोमीटर वेगाचे असतात. सकाळी किनाऱ्यावर फेरफटका मारताना दोन-तीन ताडपत्र्या जमीनदोस्त झालेल्या दिसल्या. आमच्यातील शिक्षकास स्वस्थ बसवेना. जवळ जाऊन पाहिले तो दोरी कोठेच तुटलेली नव्हती. ती चकचकीत, निळी, नवी कोरी होती. सुटल्या होत्या त्या गाठी.

दोरी विकत घेताना आपण विचारतो ते एवढेच की ही किती वजन पेलते? वेष्टनावर आकडा छापलेला असतो, व तो मोठा असला की आपले समाधान होते. पण तो आकडा सरळ ताणलेल्या, कोरड्या, बिनगाठीच्या दोरीचा असतो. गाठ मारली की दोरीला अंगाभोवतीच वळसा घ्यावा लागतो, बाहेरच्या धाग्यांवर अधिक ताण पडतो, आणि ताकद गाठीच्या प्रकाराप्रमाणे तिसरा हिस्सा ते निम्मीदेखील कमी होते. आणि ही तर गाठ टिकली तरची गोष्ट! दोरीचा एक भाग दुसऱ्या भागास घासून धरतो म्हणून गाठ टिकते. मऊ, किंचित खरबरीत दोरी गाठीत दबून बसते. ताठ व गुळगुळीत दोरी पुन्हा सरळ होऊ पाहते आणि वाऱ्याच्या प्रत्येक हिसक्यागणिक तसूतसूने निसटते.

आपल्या घरांत कोणत्याही कृत्रिम धाग्याच्या दोरीस सरसकट ‘नायलॉनची दोरी’ म्हणण्याचा प्रघात आहे. बाजारात त्या नावाने मिळणारी निळी-पिवळी दोरी बहुतेक वेळा नायलॉनची नसतेच. ती पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनची असते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. एक तुकडा कापून बादलीभर पाण्यात बुडवून सोडावा. तो तरंगला तर दोरी या दोन जातींपैकी. नायलॉन व पॉलिएस्टर ही दोन्ही पाण्याहून जड असल्याने बुडतात. तरंगणारी दोरी होडीवाल्यांस सोयीची खरी. परंतु ती निसरडी असते, आणि साधी पॉलिप्रॉपिलीनची दोरी उन्हात काही काळ राहिली की ठिसूळ होऊन तिचा भुसा पडू लागतो. ताडपत्री, मांडव अथवा झोपाळा यांसाठी ती आम्ही कधीही निवडणार नाही.

खरे नायलॉन बळकट व लवचिक आहे. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्र्यांना याच धाग्याच्या दोऱ्या असत. त्यांचीच एक जात आज ‘पॅराकॉर्ड’ या नावाने हौशी लोकांच्या हाती आली आहे: आत सरळ धाग्यांचा गाभा, वर विणीचे कवच, आणि साधारण २५० किलोग्रॅमपर्यंत पेलण्याची ताकद. हातकामाला ती फार गोड आहे. मात्र नायलॉन भिजले की सैल पडते व त्याची ताकद काहीशी घटते. सिंगापुरात तर कोरडा दिवस शोधूनच काढावा लागतो! म्हणून ताणून बांधावयाच्या कामास विणीची पॉलिएस्टरची दोरी आम्हांस अधिक पसंत आहे. ती पाण्याने बदलत नाही, उन्हास चांगली टिकते व गाठ धरते.

आता जुन्या धाग्यांविषयी. कोकणात वाढलेल्या वडीलधाऱ्यांना काथ्या आणि सुंभ यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात महिनोन्महिने कुजवून काढलेला तो धागा खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. हिंदी महासागरातील जहाजांच्या फळ्या एके काळी लोखंडी खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवीत असत. सिंगापूरच्या आसपासच्या समुद्रात मासे धरण्यासाठी ‘केलाँग’ उभारीत, त्यांत निबाँग ताडाचे खांब वेताने बांधलेले असत. वेत भिजवून गुंडाळावा, म्हणजे वाळताना तो आवळत जातो. मनिला दोर येतो तो फिलिपाइन्समधील आबाका या केळीच्या जातभाईपासून. हे सगळे धागे खरबरीत, म्हणून गाठीला उत्तम. बांबूची चौकट, टांगती परडी, वेलीचा मांडव, मुलांची दोरीची शिडी अशा कामांत त्यांची शोभा वेगळीच. दोष एवढाच की ओलीत ठेवले तर ते आतून कुजतात आणि वरून कळत नाही. पीळ थोडा उलगडून आतले पेड पाहावेत. भुकटी किंवा कुबट वास आला की ती दोरी झाडे बांधावयास द्यावी, माणसाचे वजन तिच्यावर टाकू नये.

दुकानात उभे राहून करावयाची परीक्षाही सांगून ठेवतो. हातभर तुकडा मागून एक साधी गाठ मारावी, ओढून घट्ट करावी व गल्ल्यावर ठेवावी. ती आपोआप उमलू लागली तर दोरी परत करावी. गिर्यारोहणाच्या दोरांसाठी युरोपीय मानकात हीच परीक्षा शास्त्रशुद्ध रीतीने घेतात. गाठीवर १० किलोग्रॅम भार देतात, मग तो १ किलोग्रॅमवर आणून गाठीतील छिद्र मोजतात. छिद्र दोराच्या जाडीच्या १.१ पटीपेक्षा मोठे असता कामा नये.

मराठीत निरगाठ आणि सुरगाठ असे दोन नेमके शब्द आहेत. आपल्या शास्त्रकारांनीही हा भेद सूक्ष्मपणे पाहिला. मिश्नेच्या शब्बाथ या भागात उंट हाकणाऱ्यांच्या व खलाशांच्या गाठी शब्बाथ दिवशी निषिद्ध मानल्या आहेत. एका हाताने सोडता येणाऱ्या गाठीला रब्बी मेयर यांनी मुभा दिली. रोजच्या व्यवहारात गाठींचा इतका बारकाईने विचार करणारे लोक दोरीच्या बाबतीत बेफिकीर कसे असतील, असे आम्हांस वाटे. असो.

बेफिकिरी न परवडणारी दोन कामे मात्र आपल्या घरोघरी आहेत. सुक्क्याचा मांडव नेहमीच्या वाऱ्यात टिकणारा हवा, असा दंडकच आहे. सिंगापुरात हा सण सुमात्रांच्या हंगामातच येतो. कापडी भिंती फडफडू नयेत म्हणून त्या विणीच्या पॉलिएस्टर दोरीने वर-खाली दोन्हीकडे ताणाव्यात. वरच्या आच्छादनाच्या बांधणीविषयी जे नियम आहेत ते जाणत्यांस विचारावेत. दुसरे काम तान्ह्या मुलाच्या झोळीचे. मूल १० किलोग्रॅमचे असले तरी झोका देताना दोरीवर भार त्याहून अधिक येतो, आणि गाठीपाशी ताकद आधीच घटलेली असते. तेव्हा छापील आकड्याच्या दशांशाहून अधिक भार टाकू नये; ८ ते १० मिलिमीटर जाडीची विणीची दोरी घ्यावी, खांबास दोन वेढे देऊन मग गाठ मारावी, शेपूट वीतभर ठेवावे. दररोज सकाळी गाठ हाताने चाचपून पाहावी.

कापलेले टोक तसेच सोडले तर चांगली दोरीही पेडापेडाने उसवत जाते. नायलॉन व पॉलिएस्टरचे टोक मेणबत्तीच्या ज्योतीवर क्षणभर धरून वितळवावे, पण ते बोटांनी दाबू नये, फार भाजते. काथ्या व मनिला यांच्या टोकाला मेण लावलेल्या दोऱ्याचे दहा-बारा घट्ट वेढे द्यावेत.